नवाबच्या पोटातलं दुखणं

पहिल्याच भेटीत धुरपतानं डॉक्टर भोजराजच्या पुढ्यात पळसाच्या पानात बांधलेली घोड्याची लीद ठेवली. लाखनीच्या जनावरांच्या दवाखान्यात रुजू होऊन त्याला चार दिवस झाले होते, आणि तो डबा खात होता.

"मोठे डॉक्टर कवा येतीन?"

"मीच आहे."

तिनं त्याला डोक्यापासून चपलेपर्यंत पाहिलं. "बरं… चालून जाईन."

तिच्या बापाचा, तेजरामचा, नवाब म्हणजे आसपासच्या गावांतल्या नवरदेवांना वाहणारा एकुलता एक घोडा. ब्याऐंशीच्या ऐन लग्नसराईत त्यानं दाणा सोडला. दात करकर खायचा, आणि नवरदेव पाठीवर असतानाच मान वळवून पोटाकडे बघायचा. दोन नवरदेवांना तो आपल्यालाच बघतोय असं वाटलं. एक तर उतरून पायी गेला. येत्या बाजाराला तेजराम नवाबला विकणार होता. शिंगरू असल्यापासून त्याला हातानं चारणाऱ्या धुरपतानं दोन दिवस घरात चूल पेटवली नव्हती.

भोजराजला पोटातल्या अल्सरचा संशय आला. परदेशात म्हणे नळीतून दिवा सोडून घोड्याचं पोट बघतात. दवाखान्यात एक बॅटरी होती, तिच्यात सेल नव्हते. मग रोज तेजरामच्या अंगणात बसून घोड्याला कधी दुखतं तेच पाहायचं ठरलं. भोजराज उलट्या टोपल्यावर बसे, शेजारी धुरपता.

"आतलं दिसत नाई, त समजते कसं?"

"लक्षणांवरून. जेवण कमी होतं. एकाच बाजूला बघत राहतो… हाक मारली तर उशिरा ओ देतो."

"घोडा ओ देत नाई, डॉक्टरसायब."

"हो का," भोजराज बऱ्याच उशिरानं म्हणाला.

सहाव्या दिवशी उलगडा झाला. नवाबला वरातीच्या दिवशीच दुखे. मांडवापुढे लीद पडली तर अपशकुन, म्हणून आदल्या सांजेपासून त्याच्या तोंडाला मुसकं बांधायची तेजरामच्या आजापासूनची रीत होती. भोजराजनं समजावलं, घोडा खावो न खावो, पोटात आंबट रस पाझरतच राहतो. रिकाम्या पोटाला तो जाळतो. दिवसभर थोडं थोडं गवत हवंच.

तेजरामला सगळं पटलं. तरी तो घोडा विकणारच होता.

"पोटभऱ्या घोड्यावर कोनता नवरदेव बसन?"

"मी बसेन," भोजराज म्हणाला.

"कोनाच्या लग्नात?"

याचा विचार त्यानं केला नव्हता. गवत टाकणारा धुरपताचा हात थांबला.

"माझ्याच. म्हणजे… हिची ना नसेल तर."

तेजराम घोड्याकडे पाहत राहिला, जणू जबाब त्यानंच द्यायचा होता. धुरपतानं उरलेली पेंढी सोडली, गवत नीट पसरलं, पदराला हात पुसले.

"नवाबले इकता कायले, बाबा," ती खालीच बघत म्हणाली. "घरच्याच लग्नात लागन."