पळसापासून नऊ पावलं

लिहा ताई, फारमात काय लिहाचं ते लिहा. "रान परत आलं, त्याचा गावाले काय फायदा झाला?" असंच इचारलं ना तुमी? बसा मंग. चहा ठेवते अन् फायदाच सांगते.

आमच्या तांड्यामांगचं गायरान तीन सालाआंधी संस्थेनं घेतलं. कुंपण केलं, चराई बंद केली. आमी बकऱ्या इकल्या. खोटं कायले बोलू, गवत कमरेएवढं झालं, हरणं आली, मोर आले. मानोऱ्याहून लोकं पाहाले येतात.

पहिल्या सभेत संस्थेच्या धीरज साहेबानं इचारलं होतं, "या जागेत देव, थडगं, असं काही आहे का?" समदे माणसं म्हणे, "काई नाई साहेब, पडीक हाये." माहा नवरा किशन त्यातच. त्याले चौकीदारी भेटणार होती ना!

आमच्यात अंगावरच्या लेकराले जाळत नाईत, गाडतात. माणसंच नेतात. बाईनं जायचं नाई, अन् तिले जागाबी सांगत नाईत. माही पहिली पोरगी तीन दिवसाची गेली. नाव ठेवलं नव्हतं. पण माहं हे बोट तिनं असं घट्ट धरलं होतं, का जीव गेल्यावर सासूनं, भुरीबाईनं, तिचं एक-एक बोट सोडवलं. मंग किशन तिले फडक्यात गुंडाळून गायरानाकडं गेला. वर गोटा ठेवला, कोल्ह्यानं उकरू नाई म्हणून बोरीच्या काट्या टाकल्या, एवढंच मले माईत. संस्थेनं त्या गोट्यांचे बांध घातले. काट्या पेटवल्या. वर खड्डे करून रोपं लावली.

त्या श्रावणात मी तिथी नांगे भराले मजुरीनं गेली. मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं लावाचं, एवढंच काम. भर दुपार होती. वारा पडला होता, पाखरूबी बोलत नव्हतं. पळसाजवळ सात रोपं खड्ड्याभायेर आडवी ठेवलेली. एकबी मेलं नव्हतं, कोणी पान खाल्लं नव्हतं. मुळांवर ओली माती पांघरलेली, अन् खड्डे बुजवून वरून हातानं थापलेले... लहान-लहान हातानं. अन् वास येत होता, ओव्याच्या धुरीचा, आंबलेल्या दुधाचा. बाळंतिणीच्या खोलीत येते ना, तसा.

मी परत लावली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीबी तसंच.

धीरज साहेब पहिले म्हणे, "रोही असेल, नीलगाय." मंग त्यायनं ती थापलेली माती पाह्यली अन् भडकले. "गावातलंच कोणी बदमाशी करतंय. किशन, असं चाललं तर तुझी चौकीदारी गेली समज."

त्या दिवशी किशन धड जेवला नाई. भाकर तशीच ठेवून हळूच म्हणे, "आठ लेकरं हायेत तिथी. सातांनी रोपं काढून टाकली. एकीनं ठेवलं..."

"कोणी?"

"आपलीनं. पळसापासून नऊ पावलं... उगवतीकडं."

"हे सभेत काहून नाई सांगतलं? तोंड शिवलं होतं काय तुमचं?"

ताई, मले त्याचं तोंड पाहू वाटलं नाई. अजूनबी वाटत नाई.

दुसऱ्या दुपारी मी एकटीच गेली. नऊ पावलं मोजली. मोहाचं रोप होतं, समद्या रोपायत तेच जास्ती हिरवंगार. मी म्हटलं, माह्या लेकराच्या छातीवर हे कायले पाहिजे? दोन्ही हातानं धरलं अन् ओढलं. हाललं नाई. परत ओढलं... तर खालून कोणीतरी ओढलं. जोर नव्हता त्यात, तान्ह्या लेकराले असते तेवढाच. मूळ मोकळं कराले मी मातीत बोट घातलं. अन् ताई... ते बोट धरलं तिनं.

मी वरडली नाई. कायले वरडू? माहीच होती ना ती.

रोप राहू देलं. आता ते डोक्यावर गेलं. पाहुणे आले का साहेब मले त्याच्याजवळ उभी करतात. "रंजीताबाई, हसा जरा." फोटो निघते. बाकी सात जागा कागदावर मोकळं गवत म्हणून लिहिल्या. किशनची चौकीदारी शाबूत हाये. समद्यांचं भलं झालं!

मी रोज दुपारी पाणी घालाले जाते, अन् बोट मातीत देते. साहेब पाहुण्यायले सांगतात, ओल पाहून राह्यली. सांगू द्या. तुमी असं लिहा, का रंजीताले पोरीची जागा सापडली, हाच फायदा.

चहा घ्या, थंडा होते. हात असा का धरला म्हणता? दुखते जरासं. पहिले मी बोट मांगं घेतलं का सुटे. मंग भुरीबाईसारखं तिचं एक-एक बोट सोडवा लागे. काल पाचही सोडवली...

घरी आली, तरी माहं बोट सुटलं नाई.