तिसऱ्या राष्ट्रपतींचे डोळे

काम तसं साधंच होतं. चिंचपोकळीच्या चाळीतलं वाचनालय रंगरंगोटी होऊन उद्या पुन्हा उघडणार होतं, आणि भिंतीवर नुकत्याच सुरू केलेल्या राष्ट्रपतींच्या रांगेतलं तिसरं चित्र तेवढं अर्धवट होतं. दाढी झाली होती, शेरवानी झाली होती, चष्म्याची काडीही झाली होती. चष्म्याच्या आत मात्र कोरा कॅनव्हास.

ते रंगवणाऱ्या तात्यांची हयात लालबाग-परळच्या कारखान्यांत गणपतीचे डोळे आखण्यात गेली. डोळे सगळ्यात शेवटी, आणि आखणी चालू असताना कामापलीकडे कोणी चकार शब्द काढायचा नाही, हा त्या कामाचा रिवाज. तात्यांची वर आणखी एक खोड होती. मागे उभं राहून कोणीतरी त्यांच्या डाव्या खांद्याशी हातआरसा धरायचा. तिरप्या नजरेनं त्यात पाहिलं की चेहरा उलटा दिसतो आणि तिरळेपणा लगेच सापडतो. हा आरसा जन्मभर त्यांच्या बायकोनं, कमलाबाईंनी धरला. त्या गेल्या आणि मागोमाग तात्यांचा हात थरथरू लागला.

"नाहीच जमलं तर फ्लेक्स लावू, तात्या. टेन्शन नका घेऊ," वाचनालयाचा सेक्रेटरी हितेंद्र म्हणाला होता. बिचारा चांगल्या मनानं बोलला, पण ते तात्यांच्या जिव्हारी लागलं. आज हात चालला तर चालला, नाहीतर कुंचले कायमचे माळ्यावर, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

दुपारी नात नूपुर सोबत आली. बंद कपाटांचा वास, टर्पेंटाइनचा वास, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. तिनं फोनवर राष्ट्रपतींचा फोटो शोधून पुढे धरला.

"फोटो पाहिलाय गं मी. माणूस कुठे पाहिलाय? तो विश्वकोश काढ. 'झ'चा खंड."

"विश्वकोशात डोळे असतात?"

"हा माणूस जन्मभर काय बघत राहिला, ते असतं. वाच."

नूपुर वाचू लागली. झाकिर हुसेन. जर्मनीत शिकून आलेले. तिशी गाठायच्या आत जामिया विद्यापीठाचे कुलगुरू. लहान मुलांसाठी गोष्टी लिहायचे. गुलाबांचं वेड, तऱ्हेतऱ्हेचे दगड जमवायचा नाद. राष्ट्रपतिपदावर असतानाच गेले.

"राष्ट्रपती आणि दगड गोळा करायचे?" नूपुर हसली.

"थांब, थांब," तात्या खुलले. "म्हणजे हा वाकून बघणारा माणूस. फुलाकडे, पोराकडे, दगडाकडे. आणि मी ताठ नजर देणार होतो, बघ." त्यांना इतका आनंद झाला की चहाची तल्लफ आली. नूपुर चहा आणायला खाली गेली.

तात्यांनी बारीक कुंचला उचलला. टोक लटलट कापत होतं. गल्लीतला आवाज हळूहळू बसला. पंखाही कुरकुरायचा थांबला, फिरत मात्र होता. सवयीनं, मागे न बघता ते पुटपुटले, "अगं... आरसा."

आणि डाव्या खांद्याशी आरसा आला.

नूपुर लवकर आली, त्यांना वाटलं. कुंचला टेकला आणि हात स्थिर झाला. उजवा डोळा उतरला. डावा जरा चढा वाटला. "किंचित वर..." ते म्हणाले. आरसा वर झाला. मानेवर गार श्वास लागला. नूपुरचा श्वास एवढा गार... पण आखणीत असलं काही विचारायचं नसतं. त्यांनी पुढची रेघ ओढली.

शेवटची रेघ मारून त्यांनी कुंचला खाली ठेवला, तेव्हा नूपुर चहाचे ग्लास घेऊन समोरच्या दारातून आत येत होती.

"तात्या... झाले? अय्या, काय गोड बघतायत."

"आरसा कुठे ठेवलास?"

"कसला आरसा? आपण आणलाच नव्हता."

तात्यांनी डाव्या खांद्यावरून मागे वळून पाहिलं. मग ते हसायलाच लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, आणि चहा घेताना पुन्हा थरथरणाऱ्या हातानं अर्धा सदऱ्यावर सांडला, त्याचंही त्यांना हसू आलं.

उद्घाटनाला सगळी चाळ त्या चित्रापुढे थबकली. हितेंद्रनं वाकून नमस्कार केला आणि चौथ्या राष्ट्रपतींचीही ऑर्डर देऊन टाकली.

चौथ्या चित्राच्या डोळ्यांची दुपार आली तेव्हा नूपुरनं आठवणीनं नवाकोरा आरसा आणला, मागे उभी राहून नीट धरलाही. तात्यांचा हात कापतच राहिला.

"ठेव तो पिशवीत, बाळा," ते हळूच म्हणाले. "तू समोर बस. वाच."

ती 'ग'चा खंड मांडीवर घेऊन बसली. "गिरी, वराहगिरी वेंकट. रेल्वे कामगारांचे पुढारी..."

"म्हणजे आपल्या गिरणगावाला जवळचा माणूस," तात्या खूश झाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अगं... आरसा."

नूपुरनं मान वर केली नाही. तिचा धीर झाला नाही. पिशवीची चेन बंद होती. तिच्या मांडीवरच्या उघड्या पानावर कुठूनसा लहानसा, गोल कवडसा येऊन पडला होता.

"किंचित वर," तात्या म्हणाले.

कवडसा हलला, आणि ओळी ओलांडत सावकाश वर सरकला.