बातुमीच्या घराचे बावीस नियम

"या बाई केतकी मायदेव नाहीत," यंत्राने तिसऱ्यांदा सांगितलं, आणि केतकी मायदेव ताडकन उठून उभ्या राहिल्या.

"नाहीत म्हणजे? मग मी कोण आहे? दोन दिवस तुमच्या त्या चाचणीघरात राहिले, तुमचा बेचव पाव खाल्ला, ते काय गंमत म्हणून?" त्यांनी पासपोर्ट टेबलावर आपटला.

घरमालकांची ओळख पटवणाऱ्या त्या प्रयोगशाळेच्या डॉ. मानाना समोर बसल्या होत्या, त्यांनी तो उचलून कौतुकाने पाहिला. "छान आहे. असे आमच्याकडे कुणीही दहा मिनिटांत बनवून आणतं."

कानातल्या दुभाष्याने हे शांतपणे मराठीत सांगितलं, त्यामुळे केतकीताईंचा पारा आणखी चढला. दुभाष्यावर ओरडून उपयोग नसतो हे त्यांना दोन दिवसांत कळलं होतं, तरी त्या ओरडल्याच.

काळ्या समुद्राच्या काठी जॉर्जिया देशातलं बातुमी हे गाव, साल २०५८. सात वर्षांपूर्वी केतकीताई आणि त्यांचे यजमान पराग यांनी इथे दोन खोल्यांचं घर घेतलं होतं. सांगलीत राहायचं, हे भाड्याने द्यायचं आणि म्हातारपणी समुद्र बघत इथे येऊन बसायचं, असा परागचा बेत. पाणीपुरवठा खात्यात जन्म घालवलेल्या माणसाला न मोजता येणारं पाणी बघायची भारी हौस. नोंदणीसाठी दोघं तीस दिवस या घरात राहून गेले, तेवढंच. अडीच वर्षांपूर्वी पराग गेला. केतकीताईंनी सांगलीचा फ्लॅट विकला, भाडेकरूला घर सोडायची सूचना पाठवली आणि दोन बॅगा घेऊन त्या कायमच्या इथे आल्या. आता मागे परतायला जागा नव्हती आणि पुढे यंत्र म्हणत होतं, ही बाई ती नव्हेच.

"मावशी, बस जरा," ऋता म्हणाली. ही त्यांची भाची, हैदराबादला संवेदकांवर काम करणारी. मावशीला सोबत म्हणून पंधरा दिवसांची रजा काढून आली होती. "डॉक्टर, मला तुमची पद्धत एकदा नीट सांगाल?"

"सोपी आहे," डॉ. मानाना म्हणाल्या. "चेहरा, आवाज, बोटांचे ठसे, सही, या सगळ्याची हुबेहूब नक्कल यंत्रं करू लागली. परक्यांची किती घरं लुटली गेली विचारू नका. तेव्हा आम्ही कागद मानणं सोडलं. आता आम्ही सवयठसा मानतो. घराच्या जमिनीत, नळांत, बिजागऱ्यांत मिळून चार हजार संवेदक असतात. उंबऱ्यात कुठला पाय आधी पडतो, नळ कुठल्या हाताने सोडता, खिडक्या कुठल्या क्रमाने उघडता, खुर्चीत बसताना किती थांबता, हे सगळं तीस दिवसांत टिपलं जातं. त्या शेकडो सवयींची गुंफण म्हणजे तो माणूस. शुक्रवारी सात वर्षांची फेरतपासणी आहे. घर ज्यांना ओळखेल त्यांच्या नावे मालकी कायम."

"आणि कुणी सवयींचीच नक्कल केली तर?"

"तासभर करता येते. चांगला नट असला तर दिवसभर. पण कुणी बघत नसताना, रोज, वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या सवयींनी जगायचं? एवढा उपद्व्याप कोण करील, आणि कशासाठी?"

ऋताला हे पटलं. शास्त्र बिनचूक होतं.

"आणखी एक गोष्ट आहे," डॉ. मानाना जरा अवघडून म्हणाल्या. "केतकी मायदेव गेली सहा वर्षं त्याच घरात राहताहेत. आज सकाळीही होत्या. त्यांनी दूध दोनदा तापवलं."

केतकीताई मटकन खाली बसल्या. "आणि माझा भाडेकरू? ओतार?"

"तो सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेला, असं नोंदीत आहे."

"अगं बाई! मग दर महिन्याला भाडं कोण पाठवतंय, भूत?"

भूत पाहायला दोघी लगेच निघाल्या.

दार ओतारनेच उघडलं. बंदरातल्या बोटींना वाट दाखवण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेला, उंचापुरा, पांढऱ्या मिशांचा माणूस. त्याचे बूट दाराबाहेर भिंतीला टेकून नीट लावलेले होते. त्याने वाकून नमस्कार केला आणि केतकीताईंच्या बुटांकडे बघून, दुखावल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "बाई, नियम एक."

केतकीताई बूट घालून थेट बैठकीत आल्या होत्या.

फ्रीजवर, प्लास्टिकच्या वेष्टनात, त्यांच्याच टपोऱ्या अक्षरातला कागद लावलेला होता. खाली जॉर्जियन भाषांतर. भाडेकरूसाठी नियम, एकूण बावीस. केतकीताई शाळेत पर्यवेक्षिका होत्या, घर परक्याच्या हातात द्यायचं म्हटल्यावर त्यांना चार रात्री झोप नव्हती. तेव्हा त्यांनी हा कागद लिहिला. चपला बाहेर. पूर्वेची खिडकी आधी उघडावी. नळ डाव्या हाताने सोडावा, उजवा खरकटा असतो. दूध दोनदा तापवावं. तांदळाचा डबा कधी पूर्ण रिकामा करू नये. तिन्हीसांजेला उंबऱ्याशी दिवा लावावा, आणि त्यानंतर केर काढू नये. उशी भिंतीला टेकवून ठेवावी, लोळवून नाही. असं करत करत बावीस. पराग तेव्हा पोट धरून हसला होता. "अगं, भाडेकरू ठेवतेयस की सून आणतेयस?" त्यावर केतकीताईंनी त्यालाही दोन नियम ऐकवले, आणि त्याने त्याचं नेहमीचं ठरलेलं उत्तर दिलं होतं, "हो गं बाई, ऐकलं."

"तुम्ही हे सगळं पाळता?" ऋताने ओतारला विचारलं.

"सगळं. पहिल्या वर्षी बाईंच्या धाकाने पाळलं. मला वाटलं भारतात हा कायदा असणार. मग अंगवळणी पडलं. आता दिवा लावला नाही तर मला चैन पडत नाही." त्याने कागदाचा कोपरा बोटाने सारखा केला. "माझी बायको गेल्यावर मला कुणी रागावायचं नाही हो. हा कागद रोज रागावतो."

ऋता कपाळाला हात लावून खुर्चीत बसली. "मावशी, तू काय केलंयस कळतंय का? तू नियम नाही लिहिलेस. तू तुझा सवयठसा कागदावर उतरवून भाडेकरूच्या हातात दिलास, आणि वर न पाळल्यास घर सोडावं लागेल म्हणून धमकी दिलीस! जगात कुणी करणार नाही तो उपद्व्याप या भल्या माणसाने तुझ्या दमदाटीमुळे केला."

"पण मी तर मी आहेच ना," केतकीताई पुटपुटल्या. त्यांच्या आवाजातला जोर मात्र गेला होता.

डॉ. मानाना यांनी तोड काढली. प्रयोगशाळेच्या चाचणीघरात ज्या नावाचा दावा असेल त्याच नावाशी ताडून पाहतात, पण खुद्द घर मात्र आपल्याकडे नोंदलेल्या प्रत्येक माणसाशी ताडून पाहतं. शुक्रवारपर्यंत केतकीताईंनी घरातच राहावं. ओतारनेही राहावं, त्याला जायला दुसरी जागा नव्हती. घर काय ते सांगेल.

मग सुरू झाला एक विचित्र आठवडा. केतकीताई फ्रीजसमोर उभ्या राहून स्वतःचेच नियम पाठ करू लागल्या. सोपं वाटलं होतं, पण जमेना. डावा हात नळाकडे जायचा आणि उजव्याने नळ आधीच सुटलेला असायचा. पूर्वेची खिडकी त्या विसरायच्या. दिवा? सांगलीत अडीच वर्षं त्यांनी दिवा लावलाच नव्हता, कुणासाठी लावायचा? कागदावरची ती बाई, एवढी ठाम, एवढी नीटनेटकी, आपणच होतो हे त्यांना खरंच वाटेना. त्या गोंधळून जायच्या. मग स्वयंपाकघरात ओतार डाव्या हाताने नळ सोडून तांदूळ धुताना दिसायचा, तळाशी मूठभर तांदूळ राखून डबा बंद करायचा, आणि त्यांना आपलीच पाठ दिसल्यासारखं व्हायचं.

त्या चिडचिड्या झाल्या. चहा बिनसाखरेचा करून बशीत ओतून पिऊ लागल्या, गॅलरीत एक पाय खुर्चीवर घेऊन तासन् तास समुद्र बघत बसू लागल्या. घरातून बाहेर पडताना आणि जेवण झाल्यावर सगळे नळ हाताने पिळून बघायच्या, वर बोटाच्या पेराने नळीवर दोनदा टकटक करून कान लावायच्या.

"मावशी, हे काय गं?" ऋताने एकदा विचारलं.

"गळतोय का बघते. तुम्हा लोकांना पाण्याची किंमत नाही."

"बाई," ओतार अदबीने म्हणाला, "नियम बावीस. नळांना उगाच हात लावून टकटक करू नये."

केतकीताईंनी कागद पाहिला. खरंच होतं. शेवटचा नियम, खाली दोन रेघा मारलेला. असला नियम आपण कशाला लिहिला असेल, ते त्यांना काही केल्या आठवेना.

शुक्रवारी तिघंही प्रयोगशाळेत हजर झाली. डॉ. मानाना यांच्यापुढे अहवाल होता, पण त्या तो वाचायच्या सोडून पुन्हा पुन्हा चाळत होत्या.

"ओतार यांचा ठसा," त्या म्हणाल्या, "केतकी मायदेव. सत्त्याण्णव टक्के."

केतकीताईंनी डोळे मिटले. संपलं. घर गेलं, परागचा समुद्र गेला, सगळंच गेलं. हुंदका आवरेना.

"थांबा. घराने तुम्हालाही ओळखलंय. तिसऱ्याच दिवशी ओळखलं. मला वाटलं यंत्रात बिघाड आहे, म्हणून मी तीनदा तपासलं." त्यांनी अहवाल वळवून समोर धरला. "पराग मायदेव. चौऱ्याण्णव टक्के."

दुभाष्याला वाटलं कुणाला ऐकू गेलं नाही, म्हणून त्याने वाक्य पुन्हा सांगितलं.

"बशीतला चहा," ऋता हळूच म्हणाली. "पाय वर घेऊन बसणं. मावशी, तू कधी असं बसायचीस?"

"मी मुद्दाम नाही केलं," केतकीताई म्हणाल्या. त्या स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होत्या. "तो रोज नळ तपासायचा. मी वैतागायचे, आता आठवतंय, तो बाविसावा नियम त्याच्यासाठीच घातला होता मी, भाडेकरूसाठी नव्हे. मग तो गेला. पहिल्या रात्री लक्षात आलं, नळ कुणी बघितलेच नाहीत. म्हणून मी उठून बघितले. दुसऱ्या दिवशी परत बघितले." त्यांनी पदराने नाक पुसलं. "हे नळाचं ठीक आहे हो. बाकीचं कधी झालं, मला कळलंच नाही."

डॉ. मानाना यांनी त्यांना पाणी दिलं आणि मग, कायदा सांगायचाच असतो म्हणून, सांगितला. नोंदीप्रमाणे दोन्ही मालक घरात राहताहेत. मालकी मायदेव दांपत्याच्या नावे कायम. भाडेकरू बेपत्ता आहे, त्याबद्दल तक्रार असल्यास अर्ज करता येईल.

"पण परागकाका वारलेत," ऋता म्हणाली. "आमच्याकडे दाखला आहे."

"कागद," डॉ. मानाना म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांना तो शब्द उच्चारताना वाईट वाटलं. "आमच्या लेखी ते बातुमीत राहताहेत. मात्र बाई, एक मार्ग आहे. नव्वद दिवसांचं सवयमोचन. आम्ही तुमच्या या सवयी एकेक करून सोडवतो, जुन्या परत बसवतो. ओतार यांनाही त्यांच्या सवयी परत मिळतील. मग तुम्ही पुन्हा केतकी व्हाल आणि ते भाडेकरू."

"आणि हा?" केतकीताईंनी अहवालावरच्या नावावर बोट ठेवलं.

"वर्षभर घराला त्यांचा ठसा दिसला नाही, की आम्ही मृत म्हणून नोंद करतो."

केतकीताईंनी अर्जाचा कागद हातात घेतला, पूर्ण वाचला, पर्यवेक्षिकेच्या सवयीने त्यातली एक चूक दाखवली आणि परत दिला.

"एकदा झालीय ती नोंद," त्या म्हणाल्या. "आता पुन्हा नको."

घरी पोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. दाराशी आल्याबरोबर घराने दोन्ही मालकांचं नावानिशी स्वागत केलं. पाहुणी म्हणून ऋताचंही केलं. ओतारने बूट काढून भिंतीला लावले, उंबऱ्याशी दिवा लावला आणि स्वयंपाकघरात गेला.

"मावशी, माझं डोकं काम करत नाहीये," ऋता सोफ्यावर कोसळत म्हणाली. "ओतार म्हणजे तू. तू म्हणजे काका. मी उद्या घरी फोन करून काय सांगू? केतकीमावशी कशी आहे म्हणून आई विचारेल."

"बरी आहे म्हणावं. ती काय, दूध तापवतेय."

आणि त्या न्हाणीघरात गेल्या. नळ उजव्या हाताने घट्ट पिळला, पेराने नळीवर दोनदा टकटक केली, कान लावला. गळत नव्हता.

स्वयंपाकघरातून खणखणीत आवाज आला, "नियम बावीस!"

"हो गं बाई, ऐकलं," केतकीताई म्हणाल्या आणि पुढच्या नळाकडे वळल्या.