यज्ञेशच्या घराची फरशी

“भाऊजी, फरशी कोणती घालू?”

राजश्रीनं पिशवीतून चार नमुने काढून अंगणात मांडले आणि एवढंच विचारलं. पण रेणुकादासांच्या हातातला कप असा कलंडला, की बशीत सांडलेला चहा पाहून त्यांच्या पत्नीनं, प्रेमलाबाईंनीच पदर डोळ्यांना लावला. नऊ वर्षं! नऊ वर्षांत धाकट्या भावाच्या, यज्ञेशच्या घरातून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं... ना तब्येत, ना पेन्शन. आणि आज भावजयीनं विचारलं ते थेट फरशीचं! एवढ्याशा प्रश्नानं माणसाचा जीव का कासावीस व्हावा, याचं उत्तर बांधकाम खात्याच्या दरसूचीत नव्हतं.

त्या खात्यात रेणुकादासांनी तेहतीस वर्षं ओव्हरसियर म्हणून काढली होती. लातूरला यज्ञेशचं नवं घर उठतंय, हे नांदेडात बसून त्यांना कळे ते राजश्रीच्या स्टेटसवरून. लोक फोटोत चेहरे पाहतात; रेणुकादास चेहरे बाजूला सारून, बोटांनी फोटो मोठा करून जोत्यातला मुरूम शोधत. मग वहीत अकराशे चौरस फुटांचं एस्टिमेट करत, कुणीही न मागितलेलं, आणि खाली रीतसर सही ठोकून वही मिटत.

आत्ताही गल्लीच्या कोपऱ्यावर, कडुलिंबाखाली, यज्ञेश गाडीत बसून होता. राजश्रीनं भाऊजींनाच विचारायचा हट्ट धरला, आणि फरशांचं ओझं तिला पेलणार नाही म्हणून तो तीन तास गाडी चालवत आला होता. पण भावाच्या घरात पाऊल टाकायचं नाही, हा निश्चयही त्यानं लातूरहून जसाच्या तसा आणला होता. रेणुकादास राजश्रीशी बोलत होते, आणि त्यांचे कान त्या गाडीच्या दाराला लागले होते.

“बजेट?”

“साडेतीन लाख. यांना हॉलमध्ये मार्बल पाहिजे.”

“घाला ना. बाकीच्या घरात सतरंज्या अंथरा.”

मग त्यांनी बोअरचं पाणी तांब्यातून चारही नमुन्यांवर ओतलं आणि ते एप्रिलच्या उन्हात वाळू दिलं. काळ्या चकचकीत टाइलवर पांढरे ओघळ उमटले.

“पाहिलंस? तुमच्याकडचं पाणी ह्याच्याहून जड. दिवसभर पुसत राहशील अन् संध्याकाळी पुन्हा पांढरंच. शहाबादी घ्या. घासून पॉलिश करा. मे महिन्यात पाय ठेवला की जिवाला थंड वाटतं. अन् राजश्री...” चार महिने घशात अडकलेलं ते एकदाचं बाहेर आलं, “ठेकेदारानं जोत्यात पायासाठी खोदलेली काळी मातीच परत ढकललीय. मी फोटोत पाहिलं. ती उन्हात भेगाळते, पाण्यानं फुगते. वर मार्बल घाला नाहीतर सोनं घाला, दोन वर्षांत उचकटेल! दोन फूट माती काढा, मुरूम भरा, पाणी मारून धुमसानं ठोकून घट्ट करा. ऐंशी हजार तिथंच जातील, कुण्या पाहुण्याला दिसायचे नाहीत. पण जाऊ द्या. बाथरूमपुढं मात्र खरबरीतच...”

ते एकदम थांबले.

नऊ वर्षांपूर्वी यज्ञेशची बँकेतून किनवटला बदली झाली होती आणि त्याच्या लातूरच्या फ्लॅटचं काम रेणुकादास व राजश्री पाहत होते. बाथरूमपुढं खरबरीत फरशी घाल, असं ते दोनदा म्हणाले. राजश्रीला आरशासारखी हवी होती, आणि तिनं ती घातली. राहायला गेल्यावर तिसऱ्या महिन्यात रेणुकादासांची आई त्याच फरशीवर घसरली. खुब्याचं हाड मोडलं... ती अंथरुणावरून उठलीच नाही. तेराव्याच्या दिवशी यज्ञेशनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, “ही फरशी कुणी निवडली?” राजश्री पाण्याचा तांब्या धरून उभी होती, चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. तिच्याकडे न पाहताच रेणुकादास म्हणाले होते, “मी.”

बस्स. एका अक्षरात सख्खा भाऊ गेला होता!

“भाऊजी,” राजश्रीचा आवाज फुटला, “तुम्ही माझा संसार वाचवला, अन् मी नऊ वर्षं गप बसले! रोज ठरवायचे, आज सांगते... आज सांगते...”

“हळू. गाडीची काच उघडी आहे.”

“असू द्या!”

“वेडी का तू? वास्तुशांत व्हायचीय अजून. कशाला आता घरात...”

पण ती उठून चालू लागली होती. प्रेमलाबाईंनी नवऱ्याचा दंड धरला. तो धरण्याची गरज नव्हती, कारण रेणुकादासांच्यानं हलवतच नव्हतं. गाडीच्या खिडकीपाशी ओणवी होऊन राजश्री बोलत होती. शब्द ऐकू येत नव्हते, खांदे तेवढे हलत होते. मग ती सरळ झाली. गाडीचं दार काही उघडेना. रेणुकादासांनी तेहतीस वर्षांत मंत्र्यांची, कलेक्टरची, ऑडिटवाल्यांची वाट पाहिली होती. पण एवढी लांब वाट कुणाची पाहिली नव्हती...

आणि दार उघडलं.

एक्कावन्न वर्षांचा, बँकेचा मॅनेजर, चष्मा हातात घेऊन गल्लीतून पळत आला आणि थोरल्या भावासमोर येऊन काय करायचं ते विसरला.

“दादा! अरे, मी तुला आईच्या वर्षश्राद्धालाही येऊ दिलं नाही... तू एकदा तरी सांगायचं होतंस!”

“तू तरी कुठं पुन्हा विचारलंस?”

“विचारलं असतं तर सांगितलं असतंस?”

रेणुकादासांनी प्रामाणिकपणे विचार केला.

“नाही.”

यज्ञेशला हुंदका आला, हसू आलं, दोन्ही एकाच वेळी आलं. त्यानं भावाच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि गेल्या नऊ वर्षांत कुणाच्याही खांद्यावर हात न ठेवलेल्या रेणुकादासांना तो नेमका कुठं ठेवायचा हे आठवायला बराच वेळ लागला. फाटकापाशी राजश्री एकटीच थांबली होती, आत यावं की नाही हे न कळून. यज्ञेश तिच्याकडे अजून पाहत नव्हता.

“तिला आत बोलाव,” रेणुकादास त्याच्या कानाशी म्हणाले. “मी बोलावून चालायचं नाही. तूच बोलाव.”