पोरीचा बाप चालत येईल

"चमचा खाली ठेवा!"

सोनालीचा हात तिथल्या तिथे थांबला. चमच्यात शिरा, शिऱ्यावर तूप, आणि समोर खाटेवर अप्पा तोंड उघडून तयार. वॉर्डाच्या दारात एक सडपातळ तरुण उभा होता. गळ्यात ओळखपत्र, हातात कागद.

"तुमी कोण? चमच्याचे मालक?"

"ऋतुराज. इथला आहारतज्ज्ञ. पेशंटनं काय खायचं ते मी ठरवतो."

"पुरुषमाणूस असून?"

शेजारच्या खाटेवरची म्हातारी फिसकन हसली. ऋतुराजचे कान लाल झाले, पण चमचा त्यानं काढून घेतलाच.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात सोनाली शिलाईला आणि तिचे अप्पा, बिरप्पा, गेटवर वॉचमन. तीन दिवसांपूर्वी गेटवरच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. सोनालीनं क्षणही न दवडता त्यांना रिक्षात घातलं, म्हणून डॉक्टरांना मांडीतल्या शिरेतून तार सरकवून मेंदूतली रक्ताची गाठ काढता आली. जीव वाचला. उजवा पाय मात्र ओंडक्यासारखा पडून होता, आणि जीभ जड झाली होती.

"गाठ निघाली न्हवं? मग शिऱ्यानं काय बिघडतंय? अंगात ताकद नको व्हय?"

"गाठ निघाली म्हणजे रस्ता मोकळा झाला," ऋतुराज म्हणाला. "पण दुखावलेल्या मेंदूला सावरायचं असतं. वाढलेली साखर, पोटाची चरबी, बीपी... हे त्याला सावरू देत नाहीत. अप्पांची साखर आज तीनशे आहे. ती आटोक्यात आली, तर पाय साथ देण्याची आशा जास्त. नाहीतर..."

सोनालीला कळायचं ते कळलं. तीस वर्षं अप्पा मेंढरांमागं रानोमाळ हिंडले, तेव्हा पोट पाठीला लागलेलं असायचं. मेंढरं विकली, गेटवरच्या खुर्चीत बारा वर्षं बसले, तिथं ते सुटलं. 'आता बिरप्पा खाटंवरच' असं भावकी बोलू लागली होती. ते बोलणं तिच्या जिव्हारी लागलं होतं.

"वही द्या," ती म्हणाली. "काय खात्यात ते समदं लिवते."

अप्पा होटगीला घरी आले. दर सोमवारी दवाखान्याची फेरी सुरू झाली. एक ज्वारीची भाकरी, मटकी, पालेभाजी, ताक. भिंतीला धरून मोजून पावलं. सगळं वहीत, टपोऱ्या अक्षरात. हळूहळू ऋतुराजचं वहीपेक्षा वही आणणारीकडेच जास्त लक्ष जाऊ लागलं.

"हितल्या समद्या नर्सा मला ताई म्हणत्यात," एकदा तिनं विचारलं. "तुमीच न्हाय म्हणत?"

"ते... नको." तो वहीत डोकं खुपसून म्हणाला. "ही मटकी किती वाट्या?"

"एक. आन् वही उलटी धरलीया तुमी."

पाचव्या सोमवारी मात्र रिपोर्ट बघून त्याचा चेहरा उतरला. साखर हलायला तयार नव्हती. "खरं सांगा, सोनाली. वहीत न लिहिता काही देता का?"

तिनं वही त्याच्या टेबलावर आपटली. "धनगराची पोर हाय मी. खोटं लिवायला शिकवलं न्हाय मला कुणी!" आणि अप्पांची व्हीलचेअर ढकलत ती तडक निघून गेली.

रविवारी भर उन्हात, पत्ता विचारत विचारत, ऋतुराज होटगीत हजर झाला. सोनालीनं पाणी दिलं, पण तांब्या जरा आपटूनच ठेवला. तो बसल्या बसल्या तासाभरात सातजण अप्पांना बघून गेले. प्रत्येकानं बिरोबाचं नाव घेऊन कपाळाला भंडारा लावला आणि गूळ-खोबऱ्याचा परसाद तोंडात घातला. पाहुणा म्हणून ऋतुराजच्याही तोंडात घातला. सातवा खडा चघळता चघळता तो थांबला.

"सोनाली... हे वहीत का नाही?"

"परसाद कोण लिवतं व्हय? ते काय खाणं हाय?"

ऋतुराजनं बोटं मोजून सात दाखवली. मग तिनं कपाळावर हात मारून घेतला. "आगं बाई... यडीच की मी!"

"मीही. तुमच्यावर संशय घेतला." त्यानं हात जोडले. "माफ करा."

तेवढ्यात म्हाळसाबाई आत्या गूळ घेऊन उंबऱ्यात आली. देवाची गोष्ट, ऋतुराजची बोलायची छाती होईना. सोनाली उठली.

"आत्या, भंडारा कपाळाला लाव. गूळ माझ्या हातावर दे. आजपास्नं अप्पाचा परसाद मी खाणार."

"देवाचं नाकारतीस?" आत्या कडाडली.

"देवाचं न्हाय, साखरेचं नाकारते. माझा बाप चालाय पायजे!"

आत्या अप्पांकडे वळली. अप्पांनी ओठ घट्ट मिटले आणि मान फिरवली. वाद तिथंच मिटला. ऋतुराज नुसता सोनालीकडे बघत होता. एवढी मानी, एवढी खरी मुलगी त्यानं पाहिली नव्हती, आणि आता दुसरी बघायची त्याला इच्छाही नव्हती.

निघताना अंगणात तो घुटमळला. "मी... आईवडिलांना घेऊन येऊ का? गावाहून, जेऊरहून?"

"कशापायी?"

"मी ताई का म्हणत नाही, ते सांगायला."

हो म्हणायला सोनालीची जीभ अगदी आतुर झाली होती. पण तिनं मान ताठ केली. "आमच्यात पोरीचा बाप पोराच्या दारात जातो. माझा बाप बी जाईल. आपल्या पायानं. तवर थांबाल?"

"थांबतो की!" शहरातलं बोलणं विसरून तो अस्सल जेऊरचं बोलला, आणि ती पहिल्यांदा मोकळं हसली.

तिसऱ्या महिन्यात साखर उतरली. पोट उतरलं. भिंत सुटली, मग सोनालीचा खांदाही सुटला. दोन्ही घरांत जातीवरून व्हायची ती कुजबुज झाली आणि विरली. सातव्या महिन्यात सोलापूरहून बापलेक गाडीनं जेऊरला उतरले.

स्टेशनावर ऋतुराज मोटरसायकल घेऊन उभा होता. अप्पांनी हातानंच ती बाजूला सारली. पाय जरासा ओढत, दोनदा दम खात ते निघाले. मागून चालणाऱ्या सोनालीचे हात त्यांना सावरायला शिवशिवत होते. तिनं ते पदरात गुंडाळून ठेवले.

ऋतुराजचे वडील रावजी लगबगीनं अंगणात आले. "अवं पावणं, आमीच आलो असतो की! कशाला एवढा तरास?"

अप्पांनी पाठ सरळ केली. एकेक शब्द शोधून काढला.

"तरास... न्हाय. पोरीचा... बाप हाय. चालत... आलोय."

रावजींनी पुढं होऊन त्यांना मिठीच मारली. ऋतुराज हळूच सोनालीजवळ सरकला.

"रडताय?"

"न्हाय," डोळे न पुसता ती म्हणाली. "मिरवतीया."