कुलूपवाल्यांची गल्ली

गाइडला उलटं चालता आलं पाहिजे. लोकांकडे पाठ करून बोललं की निम्मे शब्द वाऱ्यावर जातात आणि निम्मे लोक दुकानांत घुसतात. म्हणून तोंड त्यांच्याकडे, पाठ रस्त्याकडे. सवयीनं टाचांनाच दगड कळायला लागतात. वहिनी चिडवते, "आली उलट्या पायांची!" भुताखेतांवर माझा विश्वास नाही, वहिनीच्या विनोदांवर तर मुळीच नाही.

हे काम मला दादानं शिकवलं. जुन्या शहरात त्याच्यासारखा गाइड नव्हता. एका दुपारी तो फेरी अर्धवट टाकून घरी आला, खुर्ची भिंतीला टेकवली आणि बसला. तेव्हापासून जेवण तिथंच, झोपही तिथंच, पाठ भिंतीला घट्ट लावून. उठलाच तर भिंतीला घासत न्हाणीघरापर्यंत जातो. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. सख्ख्या भावाची ही दशा मला बघवत नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्याचा रागही यायचा.

फेरी माझ्या हाती देताना त्यानं एकच अट घातली. "कुलूपवाल्यांच्या गल्लीत सरळ चालायचं. लोकांकडे पाठ ठेवून."

"का पण?"

"नको म्हटलं ना! तुला नको म्हटलं की तू तेच करतेस. लहानपणापासूनची खोड आहे तुझी."

पुढं रोज संध्याकाळी विचारायचा, "सरळच गेलीस ना?" रोज. कान किटले माझे. शेवटी ठरवलं, एकदा उलटं चालून दाखवायचंच. काही होत नाही हे माझ्या तोंडून ऐकलं की हा त्या खुर्चीतून उठेल.

गल्ली अरुंद आहे. भर दुपारीही तिथले दगड ओलसर असतात, गंजाचा आणि तेलाचा वास नाकात बसतो. सगळी दुकानं बंद. एकच म्हातारा कुलूपवाला कानस घासत बसलेला असतो. आम्हा गाइडांकडे बघून थुंकणारा. मी गल्लीच्या तोंडाशीच लोकांकडे वळले, तशी त्याची कानस थांबली.

"सरळ चाल," तो म्हणाला.

"गल्ली तुमच्या मालकीची आहे का?"

तो उठला आणि त्यानं दुकानाचं शटर आतून ओढून घेतलं.

मी उलटी चालत बोलू लागले. दारांवरची लोखंडी कड्या-कुलपं, ती घडवणारी घराणी, सगळं पाठ आहे मला. समोर टोपीवाले निवृत्त मास्तर होते, नवं लग्न झालेलं जोडपं होतं, आणि एकसारखे प्रश्न विचारणाऱ्या एक जाड्या बाई. उलटं चालणाऱ्याला गल्ली दिसत नाही, समोरच्यांचे चेहरे तेवढे दिसतात.

पहिल्यांदा मास्तरांची नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे गेली. तिथं कमान आहे, सगळेच बघतात. मग ती नजर हळूहळू खाली यायला लागली. गल्लीच्या टोकाकडून कुणी चालत यावं, तशी.

बाईंचे प्रश्न थांबले.

नवऱ्यानं फोटोसाठी मोबाइल वर केला, पडद्याकडे बघितलं आणि मोबाइल खिशात घातला. त्याच्या बायकोनं त्याची बाही धरली. आता सगळे माझ्या खांद्याकडे बघत होते. नजरांत भीती होती, पण त्याहून जास्त किळस होती. मी काहीतरी घाण अंगावर घेऊन त्यांच्यापुढं उभी राहिल्यासारखी.

"काय झालं?" मी विचारलं.

मास्तर एक पाऊल मागं सरकले.

मी झटकन मागं वळले. रिकामी गल्ली. ओले दगड, कमान, बंद दारं. कुणीही नव्हतं.

पण आता माझी पाठ त्यांच्याकडे झाली होती, आणि बाई किंचाळल्या. दगडांवर धावणारे बूट ऐकू आले.

वळून बघितलं तर सगळे पार गल्लीच्या तोंडाशी पोचले होते. मास्तरांची टोपी वाटेत पडली होती. मी ती उचलायला वाकले.

"राहू द्या!" ते ओरडले. "आमच्याकडे पाठ करू नका. तिथंच थांबा, आम्ही जातो."

घरी जाताना रस्त्यात लोक माझ्यामागून चालेनात.

दादा खुर्चीतच होता. मी उंबऱ्यातूनच सांगितलं, "गेले मी उलटी. काही नाही तिथं, दादा. आता तरी ऊठ."

त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही. खांद्यावरून मागं बराच वेळ बघत राहिला. मग उठला. भिंत सोडून खोलीच्या मधोमध आला आणि दोन्ही हात वर करून त्यानं आळस दिला.

वहिनी रडत रडत त्याच्याकडे धावली, मला लांबून वळसा घालून.

"मला वाटलं होतं, पहिल्याच आठवड्यात उलटी जाशील," दादा म्हणाला. त्याचा आवाज अगदी पूर्वीसारखा झाला होता.

त्यानं खुर्ची भिंतीला आणखी रेटली. मध्ये हात घालून फट उरली नाही ना, ते बघितलं.

"बस," तो म्हणाला.

मी बसले.