पुलावर दिलेली हाक

युएओ आजी तापासाठी दवाखान्यात आल्या त्या आपल्या पायांनी, वाटेत मुलाशी, चिनफाशी, भांडत. किडन्या निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पण जीभ ठणठणीत. सलाइनमधून अँटिबायोटिक सुरू झालं आणि तिसऱ्या दिवशी तीच जीभ अडकली. हातांना झटके येऊ लागले, मग डोळेही हलेनात. ऐकू मात्र सगळं येत होतं, हाच खरा जाच.

दुपारी मोठ्या डॉक्टरांनी चिनफाला बाजूला घेऊन सांगितलं, आशा नाही; शेवटचा श्वास घरी जावा असं वाटत असेल तर आजच न्या. चिनफा ढसाढसा रडला आणि कबूल झाला. घरी सून शूमेईने पूर्वजांच्या देव्हाऱ्यासमोर मरणाऱ्याला निजवायची फळी मांडली. अरे गाढवा, मी जिवंत आहे, आजी आतल्या आत ओरडत होत्या. ओठ काही हलला नाही.

अँब्युलन्स नदीवर आली. जाणारा जीव वाटेत चुकू नये म्हणून पूल आला की हाक द्यायची, ही रीत. चिनफाने गहिवरून हाक दिली, "आई, पूल आला गं... चल घरी."

"आले..."

आवाज आजींचाच होता. पण त्यांचे ओठ मिटलेले होते, आणि कुणीतरी थंडगार त्यांना ओलांडून गाडीतून खाली उतरलं. आई बोलली म्हणून चिनफाने गाडी तिथूनच मागे फिरवली.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरणीने कागद पाहिले आणि ती भडकलीच. किडन्या गेलेल्या बाईला एवढा डोस? औषध अंगात साचून मेंदूवर चढलं होतं. ते बंद झालं, दोनदा डायलिसिस झालं आणि आजींच्या तोंडून पहिला शब्द फुटला, "गाढवा." चिनफा हसता हसता रडला. या औषधाने भलतेसलते भासही होतात, असं डॉक्टरीण म्हणाली. आजींनी मान डोलावली. दुसरं काय करणार?

चिनफा रोज फोनवर शूमेईला सांगायचा, आई सुधारतेय. "दिसतंय की," म्हणून ती फोन ठेवायची. थकली असेल बिचारी, असं त्याला वाटायचं.

मायलेक घरी आले तर दाराला आतून साखळी. फटीतून शूमेईने आजींना पाहिलं आणि ती पांढरीफटक पडली.

"हळू बोला..." ती कुजबुजली. "आई त्या दुपारपासून घरीच आहेत. आत्ता कुठे डोळा लागलाय. तुम्ही हे... कोणाला आणलंत?"

आजींनी "अगं, मीच आहे" म्हणायला तोंड उघडलं, आणि ते शब्द आतल्या खोलीतून आले.